अक्कांना ओळखायचं नाही

माझ्या दुकानातल्या कपडे बदलायच्या खोलीत शिरलेली बाई कधी कधी अर्धा-पाऊण तास बाहेर यायची नाही. बाहेर स्कूटरवर बसलेला नवरा आधी मोबाइल बघायचा, मग हॉर्न वाजवायचा आणि शेवटी दारातून डोकं आत घालून विचारायचा, "ताई, एवढा वेळ कसलं माप घेता हो?" मी तोंडातल्या टाचण्या न काढताच सांगायची, "ब्लाउज हाय दादा, पोतं न्हाय." तो बिचारा परत स्कूटरवर जाऊन बसायचा. बायकांच्या कपड्यांवरून पुरुषाला एकदा गप्प केलं की तो पुन्हा विचारत नाही, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

खरं तर ती बाई माझ्या खोलीत नसायचीच. खोलीच्या मागच्या भिंतीत एक दार होतं. त्यावर मी एक जुनी चादर टांगून ठेवली होती. चादर बाजूला केली की पलीकडे नीलाक्कांचा दवाखाना.

सात रस्ता चौकाच्या मागे आमची गल्ली. माझं दुकान रस्त्याच्या तोंडाला, अक्कांची खोली मागच्या बाजूला. त्यांचं खरं दार बोळात उघडायचं आणि त्यावर पाटी होती, 'वैद्य नीलांबिका. स्त्रियांचे विकार.' त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांनीच सगळा घोळ केला होता. बोळात पानपट्टी, समोर चक्की. त्या दारातून कुठली बाई आत गेली, कुणाची सून, कुणाची लेक, हे दळण होईपर्यंत अर्ध्या गल्लीला कळायचं. मूल होत नसेल, पाळी चुकत असेल, अंगावर जास्त जात असेल, हनुवटीवर केस आले असतील, लोकांना चघळायला तेवढंच पुरायचं. मी दुकान टाकलं तेव्हा अक्का मधल्या बंद दारावर टकटक करून आल्या. उंच, सडपातळ, अंगावर इरकल, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, हातांना तिळाच्या तेलाचा वास.

"हे दार उघडं ठेवशील का ग? माझ्याकडं यायला बायका लाजायलेत."

"मग पाटी बदला की," मी म्हटलं. मला तेव्हा नव्या दुकानाचा तोरा होता.

"पाटी बदलली तर आजार बदलतो का?" अक्का म्हणाल्या. "बायकांचा आजार म्हणून लिवायला मी का लाजू? लाजतात त्यांच्यासाठी दार मागायलीय. माझ्यासाठी न्हाय."

दार उघडलं ते उघडलंच. बायका माझ्याकडे ब्लाउजपीस घेऊन यायच्या, माप द्यायच्या आणि चादरीआड गडप व्हायच्या. धंदा माझा झाला, उपचार त्यांचा. नातेपुत्याहून एक बाई एसटीनं यायची, एवढ्या लांब कुणी ओळखीचं भेटणार नाही म्हणून. तिचे इतके ब्लाउज शिवले मी, की तिला पुढं दहा वर्षं तरी नवा लागणार नाही.

अक्कांची तपासायची रीत निराळी होती. बाई समोर बसली की पहिला प्रश्न कानडीत, मग ती कानडी असो वा नसो. "ऊट आयता?" जेवलीस का? बाई 'हो' म्हणाली की दुसरा प्रश्न, "काल रात्री किती वाजता?" आणि तिसरा, जो बाईला पेचात टाकायचा, "कुणाच्या नंतर?"

तिसऱ्याचं उत्तर बहुतेक एकच असायचं. सगळ्यांच्या नंतर. सासरा, नवरा, दीर, पोरं जेवली, भांडी विसळली, ओटा पुसला, मग उरलेली भाकरी उभ्यानं. अक्का डोळे मिटून नाडी बघायच्या, जीभ बघायच्या, पापणी खाली ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "औषध देते. पण आधी पोरांच्या पंगतीला बसायचं. दिवेलागणीला. बसून. गरम." बाई कावरीबावरी व्हायची. शतावरीचा कल्प घ्यायला, तीळ चावून खायला, अंगाला तेल लावायला ती तयार असायची. सगळ्यांच्या आधी जेवायला मात्र नाही. मी कितीदा ऐकलंय, "अक्का, दुसरं कायतरी द्या की!"

हल्ली मोबाइलवर बघून बायका शब्द शिकून येतात. "अक्का, माझे हार्मोन बिघडलेत." अक्का हसायच्या. "तू त्याला हार्मोन म्हण, मी दुसरं काय म्हणीन. शरीराला वेळ कळती. झोपायची वेळ, भुकेची वेळ, पाळीची वेळ. एक मोडली की दुसरी मोडती. तू पहिली दुरुस्त कर, बाकीच्या मी बघते." कुणी डबाभर पावडर मागवून आणली असेल, पोरी फोनवर नाचून विकतात ती, तर अक्का वास घेऊन डबा बाजूला ठेवायच्या. "ह्यात काय हाय ते मला कळंना. मला कळंना ते तू खाऊ नको." आणि थायरॉईडची गोळी परस्पर बंद करून आलेलीवर त्या जेवढ्या चिडायच्या तेवढ्या मी त्यांना कुणावर चिडलेलं पाहिलं नाही. "ती गोळी डॉक्टरनं दिली, डॉक्टरच कमी करतील. रक्त तपासून ये. माझं त्यांच्याशी भांडण न्हाय, तू लावू नको." अडलं की सरळ स्त्रीरोगवाल्या डॉक्टरांकडे धाडायच्या. त्यात कमीपणा मानायच्या नाहीत.

पहिल्या भेटीच्या शेवटी मात्र एक वाक्य ठरलेलं असायचं. बाई उठताना अक्का तिचा हात धरून सांगायच्या, "आणि बघ, बाहेर कुटं भेटलो, लग्नात, बाजारात, देवळात, तर मला वळखायचं न्हाय. मी बी तुला वळखणार न्हाय." हे ऐकून बाईचा चेहरा असा सैल व्हायचा की औषध न घेताच निम्मं दुखणं गेलं म्हणावं. पुढच्या वेळी ती मन मोकळं करायची ते त्या वाक्याच्या जोरावर.

या दाराची गंमतही होत असे. एका कापडवाल्याच्या घरची सून अक्कांकडे येत होती. तिनं नेमानं संध्याकाळी पोरांबरोबर जेवायला सुरुवात केली. सासूनं विचारलं, हे खूळ कुठलं? सून गांगरली आणि म्हणाली, टेलरीणबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासू माझ्या काउंटरवर हजर. "व्हय ग बाई, सूर्य मावळायच्या आत जेवलं न्हाय तर ब्लाउजचं माप बिघडतंय म्हणे?"

मी मशीन थांबवलं. खोटं बोलायला मला कधी फार वेळ लागत नाही, पण या खोट्याची शिवण कुठून घालावी तेच कळेना. "बिघडतं की," मी म्हटलं. "उशिरा जेवलं की पोट सुटतं. मग बाही काखेत ओढती." सासूनं स्वतःच्या दंडाकडे बघितलं. "माझी लई ओढती," ती म्हणाली आणि तिथंच बसून घामाघूम झाली. थंडीचे दिवस होते. पदरानं वारा घेत म्हणाली, अलीकडं असंच होतं, अंगातनं भट्टी पेटल्यासारखं, रात्री झोप नाही, सांगणार कुणाला. मी चादर बाजूला केली.

तेव्हापासून सून सोमवारी यायची आणि सासू गुरुवारी. अंगाला लावायच्या एकाच तेलाच्या बाटल्या दोघी घरात दोन ठिकाणी लपवायच्या. अक्कांनी एकीला दुसरीचं कधी सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, "सांगून टाका की हो, घरात सुख होईल." अक्का म्हणाल्या, "त्यांनी मला पाळी सांगितली, घर न्हाय सांगितलं." आणि विषय संपला.

अशा किती बाया. आमच्या शहरात कानडीत थोरली बहीण अक्का, तेलुगूत अक्का, मराठीतही अक्काच. मुसलमान घरातल्या बायाही त्यांना अक्काच म्हणायच्या. चार भाषांच्या बायकांची एक बहीण, आणि त्या बहिणीला रस्त्यावर एकही बाई हाक मारत नव्हती. अक्कांचं लग्न झालं नव्हतं. वडील होते तोवर घरात दोन ताटं होती, मग एकच राहिलं. विजापूरला एक पुतण्या, त्याचा सणावारी फोन.

दिवेलागणीला अक्का जेवायच्या, दवाखान्यातच, बाकावर डबा उघडून. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगाची चटणी. दुसऱ्यांना सांगते ते मी पाळलं पाहिजे, म्हणायच्या. जेवायच्या आधी समोर एक स्टूल ओढून घ्यायच्या आणि मला हाक मारायच्या. "शोभा, ये ग. खाऊ नको, नुसती बस. समोर कुणी नसलं की घास पटापट जातो, पोटाला कळतच न्हाय." मी हूक लावायचे ब्लाउज घेऊन जायची. आम्ही फारसं बोलत नसू. त्या सावकाश जेवायच्या, मी हूक लावायची. मी माहेरी गेलेल्या दिवसांत त्या कशा जेवत असतील हा विचार मला तेव्हा कधी शिवला नाही. आता येतो.

एकदा आमच्या दोघींना एकाच लग्नाचं बोलावणं होतं, घरमालकांच्या मुलीच्या. अक्का हौसेनं आल्या. मंगल कार्यालयात जिकडे बघावं तिकडे त्यांच्या बायका. मी तर कपड्यांवरूनच ओळखत होते, ही शिवण माझी, हा गळा माझा. एक बाई अक्कांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि शेजारी कोण आहे ते कळल्यावर अशी उठली की खुर्चीच हलली. जेवणाच्या रांगेत एक पुढे होती. तिनं मागं वळून अक्कांच्या हातात ताट दिलं आणि अगदी परक्यासारखं म्हणाली, "घ्या की काकू." हिच्याच तिसऱ्या गर्भपातानंतर अक्कांनी चादरीपलीकडे हिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अक्कांनी ताट घेतलं. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बघ, हिनं श्रीखंड घेतलं न्हाय. शहाणी हाय." चेहरा असा की जणू हिचा पहिला नंबर आलाय.

आम्ही रिक्षानं परतलो. गल्ली आली तशा अक्का म्हणाल्या, "एवढी माणसं होती, शोभा. मला कुणी 'बऱ्या हाय का' म्हटलं न्हाय."

मला राग आला. त्या बायकांचा आला, अक्कांचाही आला. "मग बदला तो नियम!"

"नियम बदलला तर उद्या कोण येईल माझ्याकडं?" त्या म्हणाल्या आणि उतरल्या. "मीच शिकवलंय. त्या चांगल्या शिकल्या. पण कुणीतरी एकदा चुकावं, असं वाटतंय बघ."

हे त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. पण त्यानंतर मला ते सारखं दिसू लागलं. माझ्या दुकानात पेढ्यांचे पुडे यायचे. मूल झालं की बाई पुडा माझ्या काउंटरवर ठेवायची, डोळ्यानं चादरीकडे खूण करायची आणि निघून जायची. बारशाची बोलावणी मला यायची. मी बारशाला जायची, पंगतीला जेवायची, ओटी भरून घ्यायची. परत आले की अक्का विचारत बसायच्या. बाळ कुणावर गेलंय? जावळ किती हाय? रडलं का? आईनं पाळण्यापाशी खुर्ची घेतली होती का, की उभीच होती? त्यांना बाळाइतकीच आईच्या खुर्चीची काळजी. ज्या पोरांसाठी एवढा जीव पाखडला, त्यातलं एकही पोर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बाळाला घेऊन चादरीआड कोण येणार? बाळाबरोबर घर येतं.

पद्मा ही त्यातलीच. पूर्व भागातली, विणकर घरातली तेलुगू पोरगी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची. हनुवटीवर पदर दाबूनच आली. चार-चार महिने पाळी नाही, अंग सुटलेलं, मूल नाही. सासू तिखट होती. 'ही बाई हाय का बाप्या हाय' असं चारचौघींत बोलायची.

"कारखाना आठला सुटतो, अक्का," पद्मा म्हणाली. "मग स्वयंपाक. मग सगळे. मला अकरा होतात. दिवेलागणीला कशी जेवू?"

अक्कांनी तिच्या कामाच्या वेळा विचारून घेतल्या. "तिकडं चहाची सुट्टी असती न्हाय का? तवा चहा प्यायचा न्हाय. भाकरी खायची. घरी आल्यावर नुसतं ताक पी आणि झोप." कारखान्यातल्या बायका तिला हसल्या म्हणे, ही चहाला भाकरी खाते. तिनं खाल्ली. सोनोग्राफी करून आणली, डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, अक्कांचे काढे घेतले, आणि रोज पहाटे नवऱ्याला घेऊन फिरायला जाऊ लागली. अक्का तिच्या मागे अशा लागल्या होत्या की मी म्हणायची, तुमची पोरगी दहावीला बसलीय का? त्यांनी तिला कधी वचन दिलं नाही. "मूल माझ्या हातात न्हाय. तुझी झोप, तुझी भूक तुझ्या हातात हाय," एवढंच. पाळी पहिल्यांदा वेळेवर आली त्याच दिवशी पद्मा चादरीआड रडली होती. मूल त्यानंतर खूप उशिरा राहिलं.

मुलगा झाला. बारशाचं बोलावणं माझ्या नावानं आलं. अक्कांनी बाळासाठी वेखंड, हळकुंड, जायफळ अशी गुटीची एक छोटी पुरचुंडी बांधली. मग ती हातात तशीच धरून म्हणाल्या, "शोभा, तिला विचार की. तुझ्याबरोबर आले तर चालतंय का. टेलरची मैत्रीण म्हणून. मी काय बोलणार न्हाय."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. पद्मानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ताई, सासूनं ती पाटी वाचलीय. बोळातनं जाता-येता त्यांना बघितलंय. आत्ता कुठं घर शांत झालंय. नको ना, ताई. राग मानू नका म्हणावं."

अक्कांना माझ्या तोंडावरूनच कळलं. "बरोबर केलं तिनं," त्या म्हणाल्या. "मी शिकवलेलं विसरली न्हाय." आदल्या दिवशीच त्यांनी हिरवी इरकल इस्त्री करून आणून ठेवली होती, ती मला नंतर कपाटाच्या दारावर टांगलेली दिसली. बारशाहून मी आले तेव्हा अक्कांनी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच. मीच सांगत सुटले, मुलगा गोरा आहे, कान मोठे आहेत. त्या जेवत होत्या. "सावकाश सांग," म्हणाल्या, "घास संपत आलाय."

दोन-अडीच वर्षांत अक्कांचे गुडघे गेले. नाडी धरलेला हात थरथरू लागला तसं त्यांनी स्वतःच ठरवलं, आता थांबायचं. पुतण्या विजापूरला न्यायला तयार होता. जायच्या आठवड्यात माझ्या दुकानात बायकांची रीघ लागली. नुसते ब्लाउजपीस आणि ब्लाउजपीस. एकेक आत जायची, डोळे लाल करून बाहेर यायची, आरशात पदर सारखा करायची आणि रस्त्यावर पाऊल टाकलं की परकी. त्या कापडवाल्याच्या घरची सासू सोमवारी आली नि सून गुरुवारी. गडबडीत वार बदलले, एवढाच फरक. नातेपुत्याच्या बाईनं निरोपाला खणाचा तुकडा दिला.

स्टँडवर मी एकटीच सोडायला गेले. पुतण्यानं सामान लावलं आणि पाणी आणायला म्हणून तो उतरून परत चढलासुद्धा. अक्का खिडकीशी बसल्या. मला म्हणाल्या, "आता संध्याकाळी तू कुणासमोर हूक लावशील?" मी म्हटलं, "माझं राहू द्या. तुमच्यासमोर कोण बसणार?" त्यांनी माझा हात खिडकीतून थोपटला. ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली, तशी फलाटावर मागून हाक आली.

"अक्का! अहो अक्का!"

पद्मा पळत येत होती. कडेवर पोरगा, मागून धापा टाकत नवरा आणि सासू. इतक्या वर्षांत भर गर्दीत त्या नावानं मारलेली ती पहिली हाक होती. आजूबाजूचे चार लोक वळून बघू लागले. पद्मा खिडकीखाली आली, पोराला दोन्ही हातांनी वर केलं. "अक्का, मी पद्मा! हा बघा, तुमचा!"

अक्कांनी आधी पद्माकडे पाहिलं. मग तिच्या मागून येणाऱ्या सासूकडे. त्यांचा चेहरा झटक्यात कोरा झाला.

"कोण तुमी, बाई?" त्या मोठ्यानं म्हणाल्या, सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तुमचं कायतरी चुकलं असंल. मी वळखत न्हाय तुमाला."

पद्मा तशीच हात वर करून उभी राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मी घरी सगळं सांगितलं हो काल. सगळं. सासूच म्हणाल्या, चल पाया पडून येऊ." सासू खरंच हात जोडून उभी होती. मी ओरडले, "अक्का, घरी माहीत हाय! घरी सांगितलंय तिनं!" पण ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला होता, कंडक्टर दार आपटत होता आणि गाडी मागं वळायला लागली होती. अक्कांनी काच ओढून घेतली.

मला रडू कोसळलं. इतकी वर्षं अक्कांनी ज्याची वाट बघितली ते खिडकीशी आलं आणि या बाईनं ते परक्यासारखं परत पाठवलं, दुसऱ्याच्या घराला धक्का लागू नये म्हणून. पद्मा सासूला समजावत होती की अक्का तशा नाहीत.

गाडी वळून आमच्या समोरून निघाली. पोराला यातलं काहीच कळलं नव्हतं. सगळ्या गाड्यांना करतो तसा त्यानं हिलाही हात केला. काचेआड अक्कांनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री करून घेतली, आणि पोराला हात केला.